जागा नवीन आहे, पण गोष्ट तिथली आहे का?

आमच्याकडे नागपुरात एखादा वेगळ्या जागेवरचा हॉरर सिनेमा लागला की आठवडाभर टपऱ्यांवर, ऑफिसात, घरात तोच विषय असतो, आणि आता हा वाद दरवेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन अडकून राहिला आहे. एक बाजू म्हणते, अरे जागा बघ ना किती वेगळी घेतली, आपल्याकडे आधी कोणी दाखवली होती का, सपोर्ट करा. दुसरी बाजू म्हणते, भीतीच वाटली नाही, पैसे वाया गेले. मग कोणीतरी समजूतदार माणूस मध्ये पडतो आणि म्हणतो की सेटिंग भारी होतं पण स्टोरी वीक होती, आणि सगळ्यांना वाटतं की झालं, निकाल लागला. मला हा समजूतदार निकालच सगळ्यात जास्त चुकीचा वाटतो. कारण त्यात धरून चाललंय की जागेला वेगळे मार्क द्यायचे, कथेला वेगळे मार्क द्यायचे आणि शेवटी बेरीज करायची.

माझं म्हणणं सरळ आहे. हॉररमध्ये जागा आणि कथा अशा वेगळ्या काढताच येत नाहीत. कथा कमकुवत निघाली याचा अर्थ ती जागा वापरलीच गेली नाही, नुसती दाखवली गेली. पाहायचं असेल तर एक सोपी गोष्ट करा. सिनेमातली सगळी घटना त्या जागेवरून उचला आणि दुसरीकडे नेऊन ठेवा, खाणीतून दवाखान्यात, दवाखान्यातून होस्टेलवर, आणि संवादातले चार शब्द बदलून सगळं जसंच्या तसं चाललं तर ती जागा कथेत कधी नव्हतीच, फक्त पोस्टरवर होती. मग ती कितीही नवीन असो, तिचं कौतुक आपण कशाचं करून राहिलो?

उदाहरण बाहेरचं घेतो, म्हणजे आपला-परका हा भाग मध्ये येणार नाही. २०१२ साली चेर्नोबिल डायरीज नावाचा हॉलिवूडचा हॉरर सिनेमा आला होता. अणुभट्टीच्या अपघातानंतर रिकामं झालेलं प्रिप्याट शहर, तिथे फिरायला गेलेले तरुण, गाडी बंद पडते, रात्र होते. यापेक्षा वेगळी जागा कुठून आणणार? पण त्या जागेची भीती कशात आहे याचा विचार करा. ती भीती न दिसणाऱ्या गोष्टीची आहे. हवा तीच, झाडं तीच, उन्हात चमकणारी धूळ तीच, आणि तुम्ही तिथे किती वेळ उभे राहिलात यावर तुमचं पुढचं आयुष्य ठरणार आहे. सिनेमाने काय केलं, तर अंधारातून अंगावर धावून येणारी विद्रूप माणसं आणली आणि पोरांना पळायला लावलं. पळापळ कुठल्याही पडक्या कारखान्यात करता आली असती. आता याच्या शेजारी २०१९ ची चेर्नोबिल ही मालिका ठेवा, जिला कोणी हॉरर म्हणून विकलं नाही. त्यात छतावर पडलेले किरणोत्सर्गी ग्रॅफाइटचे तुकडे फावड्याने खाली ढकलायला सैनिक पाठवतात आणि प्रत्येकाला नव्वद सेकंद देतात, त्याहून जास्त नाही. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राची कडकड, मास्कमधला श्वास, एकाचा पाय अडकतो. कोणी ओरडत नाही, कोणी अंगावर येत नाही, आणि बघणारा खुर्ची धरून बसतो. अपघात तोच, पण एकाने त्या जागेचा नियम शोधला आणि दुसऱ्याने तिथे फक्त कॅमेरा नेला.

नियम हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण आपल्याकडे 'स्टोरी वीक आहे' म्हटलं की लोकांना वाटतं ट्विस्ट कमी आहेत किंवा बॅकस्टोरी नीट सांगितली नाही. तसं नाही. तुंबाड घ्या, २०१८ चा, राही अनिल बर्वेंचा. त्यात सतत कोसळणारा पाऊस आहे आणि सगळे त्या पावसाच्या फोटोग्राफीचं कौतुक करतात, करायलाच पाहिजे, पण तो पाऊस वातावरणासाठी सोडलेला नाहीये, ज्याची पूजा करायला नको होती त्याची केली म्हणून देवांचा कोप तिथे बरसतोय, म्हणजे पाऊस हाच आरोप आहे. खाली हस्तरकडून, म्हणजे त्याच न पूजायच्या हावरट देवाकडून, मोहरा काढायची पद्धत ठरलेली आहे, पिठाची बाहुली द्यायची, तो खाण्यात गुंतला की लुटायचं, हाताला येईल तेवढंच मिळणार. आणि शेवटी जे अघटित घडतं ते कुठून येतं? बाहेरून नाही, याच नियमातून येतं, बापाच्या हावरटपणात वाढलेलं पोरगं म्हणतं की एकच बाहुली कशाला न्यायची. मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मुळात नारायण धारपांची गोष्ट बर्वेंना १९९३ मध्ये एका मित्राने सांगितली होती, तीही आपल्या नागझिऱ्याच्या जंगलात, आणि तिने त्यांचा पिच्छा सोडला नाही. म्हणजे जी गोष्ट तोंडी सांगूनही घाबरवते ती आधी होती, वाडा आणि पाऊस नंतर आले, आणि आले ते कथेत काम करायला आले.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, जे खरंच वजनदार आहेत आणि ते टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिला मुद्दा असा की हॉरर म्हणजे माहोल, कथा पातळ असली तरी चालते, उलट जास्त समजावलं की भूत मरतं. हे अर्ध्याहून जास्त खरं आहे. जगातले कितीतरी उत्तम भयपट दोन ओळींत सांगून होतात. कानेतो शिंदोचा ओनिबाबा हा १९६४ चा जपानी सिनेमा आठवा. पुरुषभर उंच वाढलेलं गवत, त्यात एक खोल खड्डा, चौदाव्या शतकातली लढाई चालू आहे, आणि एक सासू आणि सून वाट चुकलेल्या सैनिकांना मारून खड्ड्यात टाकतात आणि त्यांचं चिलखत विकून धान्य आणतात. बहुतेक वेळ नुसतं गवत हलताना दिसतं. पण त्या गवतामुळे लपता येतं, लपता येतं म्हणून मारता येतं, मारता येतं म्हणून पोट भरतं, आणि पोट भरलं की मग दुसऱ्या भुका जाग्या होतात. गवत काढा, सिनेमा पहिल्याच मिनिटाला संपतो. तेव्हा कमी कथा आणि कमकुवत कथा यात फरक करायला शिका. माहोलवाल्या सिनेमाला कथा कमी लागते हे मान्य, पण जी आहे ती त्या मातीतून उगवलेली लागते. आपल्याकडचा लपाछपी घ्या, उसाच्या शेतातलं घर, गरोदर बाई, आजूबाजूला खेळणारी पोरं. हाताच्या अंतरावरचं दिसत नाही असा ऊस आणि जे समाजाने बघायचंच नाही असं ठरवलं ते पोटातल्या मुली मारण्याचं पाप, हे दोन एकमेकांना धरून आहेत. त्याचा हिंदीत छोरी झाला २०२१ मध्ये, भाषा बदलली, नटी बदलली, पण ऊस सोबत न्यावा लागला. जागा कथेत असते म्हणजे काय, ते इथे दिसतं.

दुसरा मुद्दा सपोर्टचा. लोक म्हणतात, बजेट नाही, मोठा हिरो नाही, तरी कोणीतरी मुंबई-पुणे-कोकण सोडून नवीन ठिकाणी कॅमेरा लावतोय, त्याला पहिल्याच सिनेमात झोडपलं तर निर्माते परत हवेलीकडे पळतील. हा धोका खरा आहे आणि मला तो विदर्भातला माणूस म्हणून जास्त टोचतो, आमच्या भागात शूटिंग होणं हीच बातमी असते. पण जरा मागे वळून बघा की हवेली स्वतः कुठून आली. कमाल अमरोहींचा महल आला १९४९ मध्ये, तेव्हा ती झुंबरं, तो झोपाळा, कुठून तरी येणारं गाणं हे लोकांसाठी नवीनच होतं. ते का टिकलं? कारण त्या महालात आलेल्या माणसाला भिंतीवर स्वतःचाच चेहरा दिसतो आणि आपण पूर्वी इथे प्रेमात मेलो होतो हे त्याला खरं वाटायला लागतं. पुढच्यांनी चेहरा सोडला आणि झुंबर उचललं. मग सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात तीच हवेली, तेच कुरकुरणारं दार, तोच कंदील घेतलेला नोकर, इतक्या वेळा आलं की थिएटरात शिट्ट्या वाजू लागल्या. इंग्लंडात हे त्याच्याही दोनशे वर्षं आधी होऊन गेलं. होरेस वॉलपोलने १७६४ मध्ये द कॅसल ऑफ ओट्रँटो लिहिली, त्यात किल्ला हाच भांडणाचा विषय होता, तो बळकावलेला होता, म्हणून किल्लाच मालकाच्या वंशावर उठतो, लग्नाच्या दिवशी आकाशातून पडलेल्या राक्षसी शिरस्त्राणाखाली मुलगा चिरडून मरतो. नंतर पन्नास वर्षं कादंबऱ्यांचा पूर आला, सगळ्यांकडे किल्ले, सगळ्यांकडे भुयारं, कोणाचा किल्ला का झपाटला याचं कारण मात्र दिवसेंदिवस पातळ. शेवटी जेन ऑस्टिनने नॉर्दँगर ॲबी लिहून या सगळ्या वेडाची खिल्ली उडवली, तिची नायिका अशा कादंबऱ्या वाचून वाचून रात्री जुन्या कपाटात गुपित शोधते आणि सकाळी बघते तर हातात धुण्याचं बिल. म्हणजे नवी जागा हा फायदा फार थोडे दिवस पुरतो, हे आपल्याआधी लोकांनी अनुभवून झालंय. आज खाण, धरण, जंगल नवीन आहे म्हणून टाळ्या वाजवल्या, तर पाचव्या सिनेमापर्यंत तीच नवी हवेली होणार. नवीन दिग्दर्शकाला सपोर्ट म्हणजे त्याला खोटं सांगणं नव्हे. तुंबाडला पहिल्यांदा थिएटरात जेवढी गर्दी मिळायला पाहिजे होती तेवढी मिळाली नाही, पण २०२४ मध्ये परत लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. सहा वर्षं लोक एकमेकांना काय सांगत होते? 'लोकेशन बघ' हे सांगून कोणी सहा वर्षांनी तिकीट काढत नाही.

तिसरा मुद्दा थोडा चतुर आहे. म्हणतात, आपली लोककथाच मुळी सैल असते, तिच्यात लॉजिक नसतं, तुम्ही पाश्चात्त्य पटकथेचे नियम तिला लावून राहिले. यावर मात्र मी अजिबात मान्यता देणार नाही, कारण हे आपल्या आज्या-पणज्यांवर अन्याय करणारं आहे. वेताळपंचविशीत स्मशानाचं वर्णन किती आहे? काढून टाकलं तरी चालेल एवढं. आणि नियम किती कडक आहे? राजाने बोललं तर प्रेत परत झाडावर, आणि उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शकलं. एवढ्या एका अडकित्त्यावर पंचवीस गोष्टी चालल्या आणि हजार वर्षं टिकल्या. आपल्या गावाकडचा चकवा घ्या. रात्री शेतातून येताना माणूस त्याच बांधाला पुन्हा पुन्हा येतो, वाट सापडत नाही, आणि यावर काय करायचं हेही ठरलेलं, पळायचं नाही, आहे तिथे बसायचं, विडी पेटवायची, उजाडू द्यायचं. बघा किती घट्ट आहे हे, घाबरून पाय उचलला की तुम्ही अजून फसता. आणि आपली नागपूरची मारबत? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते, लाखभर माणूस ओरडत असतो, इडा पिडा घेऊन जा गे मारबत, आणि मग गावाबाहेर नेऊन तिला जाळतात. म्हणजे एक अख्खं शहर वर्षभराचं आपलं वाईट एका बाईच्या पुतळ्यावर लादतं आणि शहराबाहेर सोडतं. यातला प्रश्न कोणालाही दिसायला पाहिजे, की ज्यांनी सोडलं त्यांच्याकडून ते खरंच गेलं का, आणि सोडलं ते कोणाच्या वस्तीच्या दिशेने? लोककथेला लॉजिक नसतं असं म्हणणाऱ्याने ती ऐकलेली नाही, तिच्यातलं भूत तेवढं उचललंय.

दुसऱ्या बाजूबद्दलही बोललं पाहिजे, 'भीती वाटली नाही' वाल्यांबद्दल. सिनेमा किती वेळा दचकवतो यावर त्याची किंमत ठरवायची तर मागून येऊन भों करणारा लहान पोरगा सगळ्यात मोठा दिग्दर्शक ठरेल. याच मागणीमुळे तर चांगल्या जागा वाया जातात, निर्माता म्हणतो दर दहा मिनिटाला एक झटका पाहिजे, आणि झटका देण्यासाठी जागा समजून घ्यावी लागत नाही, साऊंड वाढवला की झालं. त्यामुळे हे दोन्ही गट भांडताना दिसतात खरे, पण एकाच प्रकारच्या सिनेमाला पोसून राहिलेत.

आणि यात एक गोष्ट आहे जी मला नुसती कलेची वाटत नाही. जागा समजून न घेता वापरली की तिथल्या माणसांचं काय होतं? अशा सिनेमात शहरातलं जोडपं गावात येतं, गावातले लोक फक्त तीन कामं करतात, टक लावून बघतात, 'तिकडे जाऊ नका' म्हणतात आणि मरतात. त्यांना शेती नाही, कर्ज नाही, पोरीचं लग्न नाही. आमच्या विदर्भाच्या बाबतीत तर जंगल दाखवायचं म्हटलं की गोंड, कोरकू, माडिया माणूस आला आणि तो आला की हाडं, धूर, मंत्र आले. ज्या राज्याने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर केला, आणि जिथे अजूनही जादूटोण्याच्या संशयावरून एखाद्या म्हातारीला मारल्याच्या बातम्या येतात, तिथे 'आदिवासी म्हणजे करणी' हे पडद्यावर परत परत दाखवणं हा आळस राहत नाही, त्याची किंमत कोणीतरी दुसरंच मोजतं. त्याच म्हातारीच्या बाजूने कॅमेरा लावला असता तर? अख्खं गाव तिच्याकडे एका संध्याकाळी वेगळं बघायला लागलं, पाणी भरायला गेली तर बाया बाजूला झाल्या, नातवाला कोणी खेळायला घेत नाही. यात भूत दाखवायची गरज तरी पडेल का?

नागपुरातली काही पोरं आता इकडच्या कोळसा खाणीवर हॉरर करायचं म्हणतात, मला त्याचा मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकून काळजीही वाटते. ड्रोन शॉट, काळं पाणी, मुंबईहून आलेली पत्रकार, म्हातारा वॉचमन, बोगद्यात पांढऱ्या साडीतली बाई. आता सावनेर-पाटणसावंगीकडच्या भूमिगत खाणीत खरं काय होतं ते बघा. कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडतात, वरचं छत त्यांच्यावर उभं असतं. सगळा भाग काढून झाला की मग शेवटी तेच खांब काढायला घेतात, याला डिपिलरिंग म्हणतात. आतल्या टोकापासून सुरुवात करून मागे मागे यायचं, खांब काढत यायचं, आणि मागचं छत पडू द्यायचं. ते पडणार हे सगळ्यांना माहीत असतं, ते पडावं अशीच योजना असते, फक्त माणूस तोपर्यंत बाहेर पाहिजे. लावलेले लाकडी टेकू कडकडायला लागले की तो इशारा. म्हणजे रोजी ज्याच्यावर आहे आणि जीव ज्याच्यावर आहे ते एकच, आणि तेच काढून विकायचं. शिवाय वर लॅम्प रूम असते, खाली जाणाऱ्या प्रत्येकाला नंबरचा लॅम्प मिळतो आणि शिफ्ट संपली की तो परत जमा होतो, एखादा लॅम्प आला नाही याचा अर्थ एक माणूस खाली राहिला. आता समजा एका रात्री शिफ्ट संपली आणि जेवढे दिले त्यापेक्षा एक लॅम्प जास्त जमा झाला. रजिस्टर बरोबर, माणसं बरोबर, नंबरही जुना खराच, आणि तो कोणाच्या नावावर होता हे लॅम्प रूमच्या बाबूला माहीत आहे, पण तसं लिहून दिलं तर तेव्हा दडपलेलं प्रकरण उघडं पडतं. पांढरी साडी कुठेच लागली नाही. आणि ही गोष्ट होस्टेलवर नेऊन दाखवा.

कोणी म्हणेल हे सगळं सांगायला सोपं, पण पैसे? उलट आहे, यात पैसे कमी लागतात. ड्रोनचं भाडं लागतं, पडकी वस्ती सजवायला आर्ट डिपार्टमेंट लागतं, लॅम्प रूममध्ये काम केलेल्या माणसासोबत चार संध्याकाळ बसायला चहाचे पैसे लागतात. मी हे गोसीखुर्द धरणात बुडालेल्या गावांवर लिहायला घेतलेल्या एका ओळखीच्या मुलालाही म्हटलं. त्याच्याकडे पाण्यातून वर आलेल्या देवळाच्या शिखराचा शॉट होता आणि रात्री ऐकू येणारी घंटा होती, सुंदरच होतं, पण ते कुठल्याही धरणाचं आहे. मी त्याला म्हटलं, तिथल्या पुनर्वसनात जा आणि सातबारा कोणाच्या नावावर आहे ते विचार. फेरफार झाला नाही, वारसनोंद राहिली, म्हणून कागदावर अजून आजोबाच मालक आहेत, आजोबा मेले त्याला वीस वर्षं झाली, शेत पाण्याखाली गेलं, मोबदला मेलेल्याच्या नावावर निघालाय आणि तिघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. सही आजोबांची लागते. त्यांना बोलवायचं कसं, आणि आले तर ते सही करतील की शेत परत मागतील, पटकथा इथून सुरू कर, आणि देवळाचं शिखर तुला जिथे लागेल तिथे लागेल.